तांदूळ वाढले

"मॅडम, तांदूळ वाढलेत!" केवळाबाई फोनवर ओरडली. फोन म्हणजे ओरडूनच बोलायची वस्तू, अशी तिची पक्की समजूत होती.

"किती?" मीही ओरडले.

"किती म्हंजे? समदेच वाढले. डाळ बी वाढली."

"अगं बाई! मग छानच झालं की!"

 मग तिचा आवाज आला, एकदम हळू. "छान व्हय?... बरं. उद्या येता ना तुम्ही?"

"येते की. अकराच्या गाडीनं."

"मंग मी आधण ठिवून बसते."

"ठेवा, ठेवा!" मी म्हणाले आणि फोन कट झाला.

या बोलण्याला आता बारा वर्षं झाली. अजून आठवलं की मला बसल्या जागी चैन पडत नाही. उठून पाणी पिते, खिडकी उघडते, लावते. माझे मिस्टर म्हणतात, "आठवले वाटतं तांदूळ?"

तेव्हा मी तालुक्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानाच्या पायरीवर उभी होते. पायाशी तांदळाचा तीस किलोचा कट्टा. आडत्याशी दोन तास डोकेफोड केली तेव्हा कुठं तो मिळाला होता. शेजारी मुंजाजी सर. ते तांड्यावरच्या शाळेत, मी हिवरवाडीच्या. दोघांचंही दुखणं एकच. शाळेला सुट्टी लागली की खिचडीलाही सुट्टी लागते, पण पोरांच्या पोटाला कुठली आलीय सुट्टी? म्हणून त्या मे महिन्यात आम्ही आपापल्या शाळेच्या ओसरीत दुपारचं जेवण चालू ठेवलं होतं. सरकारी धान्य नाही, काही नाही. लोकांकडून मागून आणायचं आणि शिजवायचं. शाळेत एरवी खिचडी करायची ती केवळाबाईच माझ्याकडे रांधायला होती.

सरांना त्या दिवशी आडत्यानं "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून वाटेला लावलं होतं. 

"सर, हा कट्टा तुम्ही न्या," मी म्हणाले.

"आँ? अन् तुम्हाला?"

"आमच्याकडे भरपूर झालेत तांदूळ. आत्ताच फोन आला." गावातल्या पाटलांच्या सुनेनं वडिलांच्या वर्षश्राद्धाला कट्टा देते म्हणून सांगितलं होतं. तोच आला असणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

"नक्की ना मॅडम? माझ्याकडं उद्याला पसाभर पण नाही, म्हणून घेतो."

"घ्या हो! किती विचारता!"

माझा स्वभावच तसा. अर्धं ऐकायचं आणि पळायचं. वर त्या दिवशी मला आपण फार मोठं काहीतरी केलं असंही वाटत होतं. रिक्षात कट्टा चढवताना मी स्वतः हात लावला.

हे जेवण सुरू करणं सोपं गेलं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडं हळद उशिरा निघाली होती. मे उजाडला तरी शेतांवर हळद शिजायची बाकी. बाया सकाळी सहाला जायच्या त्या दिवेलागणीला परत. लेकरांना एक तर भाकरीचा तुकडा देऊन घरी ठेवायचं, नाहीतर बरोबर न्यायचं. बरोबर न्यायचं म्हणजे हळदीच्या कढईपाशी. मोठाल्या कढया, खाली धडधड जाळ, आणि उकळतं पाणी ओतलं जातं तिथंच पोरं खेळतायत. आदल्या वर्षी गावातल्या मथुराच्या थोरल्याचा, माधवचा, पाय त्या पाण्यात पोळला होता. अजून लंगडत होता. या उन्हाळ्यात तिनं त्याला मामाकडं पाठवला होता. धाकटी निकिता, पहिलीतली, तेवढी तिच्याजवळ.

मी घरोघर फिरले होते. मथुरानं मला उंबऱ्यातच उभं केलं.

"फुकटचं कामून खाऊ घालायल्या?"

"फुकटचं नाही. शाळेतलंच समजा. तुम्ही लेकरू कढईपाशी नेऊ नका, एवढंच."

"अन् चार दिवसांनी बंद केलं तर?"

"नाही करणार. शाळा उघडेपर्यंत एक दिवस खंड पडणार नाही. माझा शब्द."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी हिच्यासाठी घरात काही ठिवून जाणार नाही मग. तुमच्या शब्दावर जाईन. एक दिवस जरी चुकला ना मॅडम, तर लेकरू माझ्यासंगं कढईवर. मंग माझ्या नावानं बोंबलू नका."

तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही पोरं पाठवली. चोपन्न झाली. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं होतं.

तर दुसऱ्या दिवशी मी अकराच्या गाडीनं उतरले. हातात पिशवी, पिशवीत पोरांसाठी रंगीत खडू. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. ओसरीत पोरं रांगेत बसलेली, प्रत्येकापुढं घरून आणलेलं ताट. चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि केवळाबाई पदरानं वारा घेत बसली होती. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या मागं, मग फाटकाकडं.

"कट्टा फाट्यावरच ऱ्हायला का?"

"कसला कट्टा?"

"तांदळाचा."

"तांदूळ आहेत ना! तुम्हीच म्हणालात, वाढलेत."

"व्हय. वाढलेत."

"मग?"

"मंग काय? वाढलेत म्हणूनच फोन केला ना!"

 मग तिनं माझं मनगट धरलं, मला आतल्या खोलीत नेलं आणि तांदळाचा डबा माझ्यापुढं तिरका केला. तळाला मूठभर तांदूळ सरकले.

"ही मूठ ठिवलीय. डबा अगदीच मोकळा ठिवू नये म्हणून."

"याला तुम्ही वाढले म्हणता?"

"मंग काय म्हणू?" आता ती चिडली. "अन्नाला संपलं म्हणू? पीठ वाढलं, मीठ वाढलं, तेल वाढलं असंच म्हणतेत. बाईची बांगडी फुटली तरी वाढली म्हणतेत. संपलं, सरलं असं भरल्या घरात बोलतं का कुणी? तुमच्या आईनं तुम्हाला एवढं बी..." आणि ती थांबली. तिला माहीत होतं.

मी बालगृहात मोठी झाले. आईवडील मला आठवतसुद्धा नाहीत. आमच्या त्या स्वयंपाकघरात मुलींना पाऊल टाकू देत नसत. रांगेत उभं राहायचं, आणि कधी कधी आपला नंबर यायच्या आतच आचारी डाव पातेल्यावर आपटायचा. "संपलं! चला, निघा!" तांदूळ वाढले, पीठ वाढलं असं बोलणारं माणूसच तिथं नव्हतं. डी.एड. झाले, नोकरी लागली, तालुक्याला खोली घेऊन एकटी राहिले. घरात बोलायचे शब्द घरातच कळतात, आणि ते घर मला नव्हतं.

"पाटलांच्या सुनेचा कट्टा?" मी उगाचच विचारलं.

"तिच्या वडलांचं वर्षश्राद्ध आषाढात हाय मॅडम. तुम्ही तर अर्ध्या हळकुंडानंच पिवळ्या झाल्या!"

मी मुंजाजी सरांना फोन लावला. 

"सर, तांदूळ आहेत?"

"शिजायलेत की! पोरं बसलीत बगा ताटं घेऊन. कामून?"

केवळाबाईचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले.  कालच मी तिचाच शब्द त्यांना सांगितला असता तर त्यांनी तिथंच कपाळाला हात लावला असता. इथलेच ते.

"पातेलं उतरवू का मॅडम?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "अर्धाकच्चा हाय, पण..."

तांडा वीस किलोमीटरवर. "नको हो सर," मी म्हणाले. "जेवू द्या पोरांना."

गावात एकच किराणा दुकान, त्याचा मालक कुटुंबासह परभणीला लग्नाला. बाया शेतावर, निम्म्या घरांना कुलपं. मी ओसरीत आले तर पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केलेली. आधी एकानं, मग सगळ्यांनी. चोपन्न ताटं. तो आवाज माझ्या डोक्यात शिरला.

"मॅडम, भात कधी?"

"मॅडम, लई भूक लागली!"

"मॅडम! मॅडम! मॅडम!"

"गप्प बसा!" मी किंचाळले. "नाही भात आज! संपलं! संपलं सगळं! उठा, घरी जा!"

ताटं एकदम थांबली. केवळाबाईनं तोंडावर हात धरला होता. माझ्या तोंडून कोण बोललं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि शरमेनं माझे कान गरम झाले. मोठी पोरं उठायला लागली. कुणी रडायला लागलं.

"बसा रे, बसा!" केवळाबाई पुढं धावली. "मॅडमला ऊन लागलंय, काय बी बोलायल्या! आज भात नाही, आज काला हाय काला! ताटं घिऊन सावलीला सरका. कुणी उठायचं नाही!"

मग माझ्याकडं वळून, दातओठ खात, "चला माझ्यासंगं."

ती पुढं, मी मागं. पहिल्या दारात ती सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लेकरांसाठी भाकरी वाढा वो माय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बालगृहातून आम्हाला डबे घेऊन वर्गणीला पाठवायचे. कुणाच्या दारात पुन्हा हात पसरायचा नाही, अशी मी तेव्हा शपथ घेतली होती. आडत्याकडं जायचं तेसुद्धा मी शाळेच्या शिक्क्याचा अर्ज घेऊन जायचे. पण केवळाबाई थांबायला तयार नव्हती. "तुम्ही तिकडची आळी धरा. तोंड उघडा, मरत नाही माणूस!"

तिसऱ्या दारात माझं तोंड उघडलं. घराघरात म्हातारी माणसं होती. कुणी दोन भाकरी दिल्या, कुणी चतकोर, कुणी कांदे. पाटलांच्या सुनेनं ताकाची चरवी दिली. वरच्या आळीनं दिलं, खालच्या आळीनं दिलं. शाळेत आणून केवळाबाईनं सगळ्या भाकरी एकाच पातेल्यात कुस्करल्या, त्यात ताक ओतलं, मीठ, कांदा, ठेचा घातला आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं.

"आता सांगा, कोणत्या घरची कोणती?" ती म्हणाली. "नाही सांगता येत. आता कुणाची काही कुरकुर नाही."

दोन वाजून गेले होते. पोरांनी तो काला असा हाणला की विचारू नका. मला हुश्श झालं. आणि तेवढ्यात रांगेच्या टोकाला एक ताट दिसलं. वाढलेलं, पण त्याच्यापुढं कुणी नव्हतं.

"हे कुणाचं?"

कुणाला सांगता येईना. मी ताट उचललं. त्यातला काला दुसऱ्या ताटात ओतला आणि कडेला कोरलेलं नाव वाचलं. 'चि. सौ. कां. मथुरा हिस मामाकडून.'

निकिता.

"मॅडम, ती मगाच गेली," एक पोरगी म्हणाली. "तुम्ही उठा म्हणल्या ना, तवाच."

"कुठं?"

"आईकडं."

हळदीचं शेत अडीच किलोमीटर. मे महिन्याची टळटळीत दुपार, सहा वर्षांची पोर. आणि पोचली तरी कुठं पोचणार? कढईपाशी.  आठवीतल्या एका मुलीची सायकल उभी होती, ती मी न विचारताच घेतली. साडी चेनमध्ये अडकली, फाटली, तशीच निघाले. वाटेत प्रत्येक बाभळीखाली बघत होते. "निकिता! ए निकिता!" बांधावर एकदा वाटलं, लाल फ्रॉक. प्लास्टिकची पिशवी निघाली. वाटेवर जागोजाग लहान पावलांचे ठसे होते आणि ते अनवाणी होते. देवा, ती पोहोचू दे, आणि पोहोचली असली तर कढईच्या अलीकडंच थांबू दे, एवढंच मी म्हणत होते.

शेतावर वाफेचा लोट उठला होता. बाया टोपल्यांनी शिजलेली हळद पसरत होत्या. मथुरा त्यांच्यात नव्हती. मी सायकल टाकली आणि कढईकडं पळाले.

"इकडं, मॅडम," आवाज आला.

लिंबाच्या सावलीत मथुरा बसली होती. निकिताचे पाय तिच्या मांडीवर. ती तांब्यातलं पाणी थेंबथेंब पोरीच्या तळव्यांवर सोडत होती. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, एक फुटलाही होता. पोर डोळे मिटून हुंदके देत होती, दमून, बारीक आवाजात.

"मथुराबाई..."

"थांबा. पाणी ओतू द्या."

मी तिथंच मातीत बसले.

"माधवचा पाय कढईनं पोळला," ती वर न बघता म्हणाली. "हिचे कशानं पोळले, सांगू?"

"नका सांगू." मला रडू फुटलं.

"रडू नका. रडल्यानं फोड बसत नाहीत."

मी डोळे पुसले आणि तिला सगळं सांगितलं. फोन, कट्टा, मुंजाजी सर, वाढले. पलीकडं ऐकत उभ्या असलेल्या दोघी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "वाढले म्हणल्यावर देऊन टाकले! आगं माय!" मथुरा हसली नाही.

"शब्द नाही कळला, ते जाऊ द्या," ती म्हणाली. "चुकतं माणूस. पण लेकरांना 'संपलं, घरी जा' कामून म्हणल्या? हिचं घर कुठंय? घराला मी कुलूप लावून आले, तुमच्या भरवशावर. ही दाराशी गेली, कुलूप बघितलं अन् तिथून इकडं आली."

 "घाबरले होते," मी कसंबसं म्हणाले.

"घाबरल्या तर आमच्याकडं माणूस पाठवायचा. आम्ही काय लंकेत होतो व्हय? आमची लेकरं, अन् तांदूळ सरायला लागले ते आम्हालाच ठाऊक नाही."

निकितानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

"पाठवाल ना तिला?" मी विचारलं. "उद्या नाही तर परवा. पाय बरे झाले की."

मथुरानं पदराची चिंधी फाडली आणि पोरीच्या पायाला गुंडाळली. एक पाय झाला, मग दुसरा.

"उद्या मी येते," ती म्हणाली.

"तुम्ही? कामाचा खाडा करून?"

"व्हय."

"कशाला? मी बघते ना सगळं. पुन्हा नाही होणार असं. विश्वास नाही का माझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर येते."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही मला राग आला. मी एवढी धावपळ करते, लोकांपुढं उभी राहते, आणि ही म्हणते विश्वास नाही! सायकल ढकलत परत येताना मी अख्ख्या वाटेनं तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. त्या रात्री मी तालुक्याला गेलेच नाही, केवळाबाईकडंच राहिले.

सकाळी सातला मथुरा निकिताला काखेत घेऊन शाळेच्या फाटकात उभी होती. तिच्यामागं आणखी चार बाया. प्रत्येकीच्या ओटीत काहीतरी होतं, कुणाच्या ज्वारी, कुणाच्या मूग, कुणाच्या मापटंभर तांदूळ. मथुरानं माझ्याकडं न बघता निकिताला सावलीला बसवलं, आत जाऊन डबा उघडला, तळची मूठ तशीच ठेवून वर धान्य ओतलं. मग बायांना म्हणाली, "एक दिवस एकीनं घरी ऱ्हायचं. आज मी, उद्या कुशावर्ता, मग आपापलं ठरवा." आणि मला म्हणाली, "तुम्ही मोंढ्यात जायचं. तुम्हाला बोलता येतं. घरातलं आम्ही बघू."

त्या उन्हाळ्यात पुढं एकही दिवस चुकला नाही, आणि मी शब्द दिला म्हणून चुकला नाही असं मात्र मला कधी म्हणता आलं नाही.

त्या दिवशी दुपारी पोरं बसली. मथुरा पातेल्यापाशी डाव घेऊन उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, "किती हायेत आज?"

"चोपन्न," मी म्हणाले.

"मोजलीत?"

मी रांगेच्या पहिल्या टोकापासून एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजायला लागले.